चहा उशिरा

५ जानेवारी २०२५, रविवार

साठी ओलांडलेल्या माझ्या बायांनो, आपल्याला आता कुणी हात लावत नाही. पाया पडताना नातवंडं बोटांची टोकं लावतात, रक्तदाब बघताना नर्स दंड धरते, रस्ता ओलांडताना एखादा भला मुलगा कोपर धरतो. बाकीच्या अंगाला जगाने रजा देऊन टाकली आहे, आणि देताना आपल्याला विचारलंही नाही.

व्याख्यानाची सुरुवात अशी करायचं ठरवलं आणि सकाळी विमलाबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या आमच्या इंदिरानगरच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्ष. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उज्वलाताई, समोर पुरुष पण असतात हो."

"म्हणूनच तर."

"आणि माझी सून येते मला न्यायला."

शेवटी त्यांनी विषय ठरवला, 'सायंजीवन: आहार, विहार, विचार'. तारीख सोळा फेब्रुवारी. आहार आणि विचार त्यांच्यासाठी बोलेन. विहारात काय बोलायचं ते माझं मी बघते.

हायस्कूलमध्ये मराठी शिकवून मी निवृत्त झाले, पण सभा त्याच्या आधीपासून गाजवतेय. दारूच्या दुकानासमोर उभी राहून बोलले, हुंड्यावर बोलले, विधवेच्या कुंकवावर बोलले. लोक म्हणतात, बाईंना माईक लागत नाही. पण वरची सुरुवात मी लोकांसाठी लिहिलेलीच नाही. ती माझी स्वतःची तक्रार आहे, अनेकवचनात घातलेली. दिवाळीत सोमनाथची अँजिओप्लास्टी झाली. दवाखान्यातून आला त्या दिवसापासून माझा नवरा हॉलमधल्या दिवाणावर झोपतो. म्हणाला, "खोकला येतोय, तुझी झोपमोड नको." खोकला केव्हाच गेला. सोमनाथ हॉलमध्येच आहे.

१२ जानेवारी, रविवार

चहा वेळेवर झाला.

हे वाक्य दुसऱ्या कुणाला कळणार नाही. लग्नानंतर आम्ही दोन खोल्यांत राहायचो, सासूबाई आणि पुढे मुलगाही. रविवारी जेवणं झाली की सासूबाई नातवाला घेऊन शेजारी जायच्या आणि चहाच्या वेळेला परत यायच्या. सोमनाथ स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचा, "आज चहा उशिरा." मग मी पातेलं तसंच ओट्यावर ठेवून द्यायची. सासूबाई गेल्या, मुलगा पुण्याला गेला, चार खोल्यांचा फ्लॅट झाला, कुणाला फसवायचं उरलं नाही. शब्द मात्र तोच राहिला. तो शब्द नेहमी त्यानेच म्हणायचा. आमच्यात तसंच चालत आलंय.

लोकांना वाटतं, पाळी गेली की बाईचं सगळंच गेलं. मला त्रास सुरू झाला तेव्हा मी स्वतः डॉक्टरीणबाईंकडे गेले, मलम आणलं, आणि घाई करायची नाही हे आम्ही दोघांनी पन्नाशीनंतर नव्याने शिकून घेतलं. खरं सांगायचं तर साठीनंतरचं आमचं सुख चाळिशीतल्यापेक्षा जास्त होतं. कुणाची चाहूल घ्यायची नव्हती. कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. कधी नुसतं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून पडून राहिलो तरी तो रविवार आठवडाभर पुरायचा.

ज्यांनी वानप्रस्थ हा शब्द काढला त्यांनी घरातल्या बाईला विचारलं होतं का? हे भाषणात घ्यायचं.

१८ जानेवारी, शनिवार

सोमनाथला नवीन खूळ लागलंय. रोज सकाळी तळमजल्यावरच्या जयरामभाऊंच्या स्कूटरवर मागे बसून पांडवलेणीला जातो आणि डोंगर चढतो. जयरामभाऊ एसटीत कंडक्टर होते, हा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. दोघांचं जमतं. मी म्हटलं, मीही येते. म्हणाला, "नको, तुझे गुडघे." माझे गुडघे ठणठणीत आहेत.

आज जयरामभाऊ वर्तमानपत्र परत करायला आले. दारातच उभे राहून हसायला लागले. "वहिनी, तुमचा गडी परीक्षेला बसलाय बघा. मधी दम लागून टेकला, की ते धरतच नाय. परत खाली येतो, परत पहिल्यापास्नं. मी आपला पायथ्याला भेळ खात बसतो."

"कसली परीक्षा?"

"मला कुठं सांगतोय. इचारलं तर म्हणतो, पास झालो की सांगीन, पण तुला नाय."

सोमनाथचा स्वभावच तसा. गाडीचे ब्रेक दुरुस्त केले की बाकीचे फिटर रिकामी गाडी आवारात फिरवून आणायचे. हा वाळूची पोती भरून चढावर न्यायचा. घरात मिक्सर दुरुस्त केला तर माझ्या हातात देण्याआधी त्यात हळकुंडं भरडून बघतो. पण मिक्सर वेगळा आणि सकाळी नवीन पांढरे बूट घालून डोंगर चढणं वेगळं. वर योगवर्गाच्या बायका येतात, रंगीत चटया घेऊन. मला माहीत आहे. मी संशयी बाई नाही. पण दमछाक करून घ्यायला ज्याच्या छातीत बळ आहे, त्याला हॉलमधून आतल्या खोलीत यायला बळ पुरत नाही, याचा अर्थ मी काय लावायचा?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला गेले, बोलले, टाळ्या घेतल्या. घरी आले तर नांदगावहून वन्सं आलेल्या. नवसाबाई, सोमनाथच्या थोरल्या बहीण. दिवाणावरची उशी आणि गोधडी बघून त्यांनी समाधानाने मान हलवली.

"बरं केलं सोम्याला भाईर काढलं ते. आता काय करायचंय एका खाटेवर? लय झालं. आमचे तर नातू झाला तवाच ओसरीवर गेले."

"तुम्हाला चाललं ते?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या उपासाच्या ताटात मटण वाढलंय. मग सुपारी कातरत म्हणाल्या, "चालायला काय, मला इचारलं कुणी?" आणि लगेच हसून, "तू भाषणं करती बाई, तुझं निराळं."

सोमनाथ गॅलरीत कपडे वाळत घालत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. तो एक शब्द बोलला नाही. बहिणीसमोर नाही, बहीण गेल्यावर माझ्यासमोरही नाही.

'मला इचारलं कुणी.' हे वाक्य भाषणात घ्यायचं, वन्संचं नाव न घेता.

९ फेब्रुवारी, रविवार

आज विचारलं. जेवणं झाल्यावर तो दिवाणावर आडवा होऊन पाय दाबत होता. पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात त्याच्या. मी म्हटलं, "आण, मी दाबते." त्याने पाय ओढून घेतला.

"मी तुला नकोशी झालेय का, सोमनाथ?"

"काहीतरीच."

"मग?"

"डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलंय."

"मी दगदग आहे?"

तो पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "थोडं थांब, उज्वला."

"कशासाठी थांबू?"

"थांब म्हटलं ना. थोडंच राहिलंय."

काय थोडं राहिलंय? आयुष्य? थांब. बाईला हा शब्द लहानपणापासून ऐकवला जातो. भाऊ शिकेपर्यंत थांब, मुलगा मोठा होईपर्यंत थांब, सासू जाईपर्यंत थांब. आता काय जायची वाट बघायची? मी उठून आत आले आणि एका बैठकीत भाषणाचा शेवट लिहिला. असा शेवट बऱ्याच वर्षांत उतरला नव्हता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कालचं व्याख्यान गाजलं. क्रमाने लिहिते.

सोमनाथ सकाळी डोंगरावरून आला तो शीळ घालत. बरोबर जिलबी. मी म्हटलं, तुला गोड चालतं का? म्हणाला, "आज चालतं." मी टिपणांत होते. दुपारी त्याने दाढी केली, निळा सदरा घातला. मला बरं वाटलं, निदान व्याख्यानाला माणसासारखा येतोय. आतल्या खोलीतले पडदे ओढले, ते मी पुन्हा उघडायला लावले, मला वाचायला उजेड हवा होता. शेवटचा भाग मोठ्याने म्हणून बघत होते तर दोनदा दारात येऊन उभा राहिला. चहाचं काहीतरी विचारलं. म्हटलं, "पाचला निघायचंय, वेळेवरच करते." "बरं," म्हणाला आणि गेला.

सभागृह भरलेलं. तो नेहमीसारखा तिसऱ्या रांगेत, माझ्या घशासाठी कोमट पाण्याचा फ्लास्क मांडीवर घेऊन. शेजारी जयरामभाऊ. आहार पटकन उरकला. विहारावर आले आणि आवाज लागला.

मी म्हणाले, "म्हातारपणी नवरा-बायकोने एकमेकांना हात लावला तर काय आभाळ कोसळतं? तुमच्या कपाटात रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, मधुमेहाच्या गोळ्या आहेत. मायेच्या दुष्काळावर गोळी कुणी दिली का?" बायका मान डोलवायला लागल्या. मागून एकजण बोलली, "आमच्या घरी रिमोटला जास्त हात लागतो." हशा. हशा आला की मी थांबू शकत नाही, पुढचं आपोआप येतं. म्हणाले, "काही महाभाग तर छातीत स्प्रिंग बसवून घेतात, नवे बूट घेतात आणि रोज डोंगर चढतात. कुणाला दाखवता हा पराक्रम? घरात दहा पावलांवर तुमचं माणूस वाट बघतंय. तेवढं अंतर ज्याला चालवत नाही, त्याने शिखरं सर केल्याचं कौतुक कुणी करायचं?"

सभागृह हशाने दणाणलं. विमलाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. लोक वळून वळून तिसऱ्या रांगेकडे बघत होते. मी नाव घेतलं नव्हतं.

खाली उतरले तेव्हा खुर्चीवर नुसता फ्लास्क होता. जयरामभाऊ म्हणाले, "गेला तो रिक्षाने." मग चप्पल घालता घालता, "वहिनी, लय लागंल असं बोललात. आज पास झाला होता ओ तो. एकदा पण टेकला नाय. वरून लहान पोरासारखा हात हलवत होता."

वर कोण होतं हात हलवायला, ते मी विचारलं नाही.

घरी आले तर तो झोपला होता. आतल्या खोलीत, पलंगावर, त्याच्या नेहमीच्या बाजूला. दिवाण रिकामा. म्हणजे भाषण पोचलं. चार शब्द जाहीर ऐकवल्याशिवाय पुरुषाला काही पोचत नाही हेच खरं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तो डोंगरावर जात नाही. बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकले. विचारलं तर, "झालं तेवढं बास."

विमलाबाईंचा फोन. येवल्याच्या महिला मंडळाला हेच भाषण हवंय, महिला दिनाच्या निमित्ताने, पण मार्चच्या शेवटी. "ते डोंगरवालं नक्की घ्या," म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारी तो आत आला. दार लावलं, पडदा ओढला. माझ्या शेजारी बसला आणि माझा खांदा धरला. किती दिवसांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं की त्याचा हात माझ्यावर होता, पण तो स्वतः कुठेच नव्हता. रांगेत उभं राहून विजेचं बिल भरतात तसा चेहरा. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

"मग असा का?"

"तू सगळ्यांसमोर मागितलंस," तो म्हणाला, "मग द्यायला नको?"

मी त्याचा हात बाजूला केला. त्याने तो काढून घेतला, उठला, पडदा उघडला. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसला.

४ मार्च, मंगळवार

आज तपासणी होती. दर वेळी तो एकटा आत जातो. या वेळी मी विचारलंच नाही, त्याच्यामागून जाऊन खुर्चीत बसले. डॉक्टर आमच्या मुलाहून लहान. अहवाल चाळत म्हणाला, "छान आहे काका. जिने चढताय ना?"

"हो."

"दम?"

"नाही लागत."

"मग बाकी सगळं नॉर्मल सुरू?"

सोमनाथ भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बाकी म्हणजे काय?"

डॉक्टर लाजला. पेनाचं टोपण काढलं, लावलं. "म्हणजे काकूंना बोलला नाहीत का? काकांनी घरी सोडताना विचारलं होतं मला. वैवाहिक संबंधांचं. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात ना तेव्हा. मी म्हटलं होतं, दोन जिने न थांबता चढता आले की हरकत नाही. एवढी साधी परीक्षा असते."

दोन जिने.

"ते पांडवलेणी चढत होते," मी म्हणाले.

डॉक्टर मनापासून हसला. "डोंगर कशाला ओ काका? मी जिने म्हटलं होतं. तुम्ही तर डिसेंबरातच पास झाला असतात."

सोमनाथ म्हणाला, "लोड देऊन बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणत नाही मी."

रिक्षात बसलो. मग मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"नापास झालो असतो तर?"

"तर काय? मी काय केलं असतं?"

"भाषण," तो म्हणाला. रागाने नाही. हवामान सांगावं तसं. थोड्या वेळाने बाहेर बघत म्हणाला, "पास झाल्यावर सांगणारच होतो. सांगितलं पण."

"कधी?"

तो रिक्षाचे सुट्टे पैसे मोजायला लागला.

५ मार्च, बुधवार

सकाळी गॅसवर पातेलं ठेवताना आठवलं. सोळा तारखेला, दारात, निळ्या सदऱ्यात. काय म्हणाला होता ते शब्दाला शब्द आठवलं.

"आज चहा उशिरा केला तर?"

दोनदा म्हणाला. आणि मी म्हणाले, वेळेवरच.

१० मार्च, सोमवार

सगळी चूक माझ्या पदरात टाकून कुणी मोकळं होऊ नये. ज्या डॉक्टरने मला औषधं आणायला खाली पाठवलं आणि माझ्याच संसाराचा निकाल माझ्या पाठीमागे सांगितला, त्याला जाब विचारा. ज्याने छातीवर डोंगर घेतला पण तोंडातून एक वाक्य काढलं नाही, त्याला विचारा. मी विचारलं होतं. मला थांब सांगितलं गेलं. मी मनकवडी नाही, वक्ता आहे.

हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो आमटीत लिंबू पिळत होता. म्हणाला, "बरोबर आहे तुझं." वाद जिंकण्यासारखी वाईट गोष्ट नाही. समोरचा उठून गेलेला असतो.

१६ मार्च, रविवार

येवल्याचं भाषण बसवायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडले. समतेवर इतकी वर्षं बोलले. आणि माझ्या घरात तो एक शब्द इतकी वर्षं त्यानेच म्हणायचा आणि मी वाट बघायची, हे मी जानेवारीत या वहीत केवढ्या थाटात लिहून ठेवलंय. रिवाज म्हणून. मागायची जबाबदारी त्याची, मान खाली घालून पातेलं बाजूला ठेवायचं काम माझं. हा रिवाज मी दुसऱ्या कुणाच्या घरात बघितला असता तर फाडून खाल्ला असता. तो तीन महिन्यांहून जास्त हॉलमध्ये पडून होता आणि मी आत पडून त्याच्या शब्दाची वाट बघत होते. विचारलं तेही तक्रार म्हणून विचारलं.

जेवणं झाली. तो आत पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. मी दारात जाऊन उभी राहिले.

"सोमनाथ, आज चहा उशिरा करते."

पाठ हलली नाही. खाली जयरामभाऊंच्या स्कूटरची किक ऐकू आली, एकदा, पुन्हा एकदा. मग तो म्हणाला, "मला गोळी घ्यायची असते चहानंतर. वेळेवरच कर."

समजून म्हणाला की न समजता, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. चारला चहा ठेवला. दोघांनी प्यायला. चांगला झाला होता.

आता येवल्याचं लिहिते. डोंगरवालं काढून टाकलं. विमलाबाई आणि मंडळ काय म्हणायचं ते म्हणोत. शेवट असा:

बायांनो, तुमच्या प्रत्येकीच्या घरात एक शब्द आहे. दुसऱ्या कुणाला कळणार नाही असा, चहाचा, पडद्याचा, दिवा मालवायचा. तो शब्द त्याने म्हणावा म्हणून तुम्ही थांबला आहात. तोही कुठल्यातरी परीक्षेत पास होण्यासाठी थांबला असेल. त्याची परीक्षा संपण्याची वाट बघू नका. माझ्यासाठी टाळ्या वाजवू नका, सरळ उठा. घरी जा, चपला काढा, आणि हातातलं काम खाली ठेवून तो शब्द आज तुम्ही आधी म्हणा.